जुनी स्पोर्ट्स कार का तापते?

पेट्रोल इंजिनात जळणाऱ्या इंधनाच्या उष्णतेपैकी ढोबळमानाने एक चतुर्थांश ते एक तृतीयांश भागच चाके फिरवण्याच्या कामी येतो. उरलेली उष्णता सायलेन्सर आणि रेडिएटर यांच्या वाटे बाहेर टाकावी लागते. रेडिएटरच्या वाट्याला येणारी उष्णता साधारणपणे चाकांना मिळणाऱ्या शक्तीइतकीच असते. म्हणजे साठ अश्वशक्तीचे इंजिन पूर्ण जोरात चालत असेल, तर रेडिएटरला चाळीस-पंचेचाळीस किलोवॅट उष्णता हवेत सोडावी लागते. ती किती सोडता येईल हे आतले पाणी आणि बाहेरची हवा यांच्या तापमानातल्या फरकावर ठरते. पाणी 95 अंशांवर आणि हवा 20 अंशांवर असेल तर फरक 75 अंशांचा. मे महिन्यात नांदेड-लातूरकडे दुपारची हवा 42-43 अंशांवर जाते, तेव्हा हाच फरक 52-53 अंशांवर येतो. रेडिएटर तोच, पण त्याची ताकद जवळजवळ एक तृतीयांशाने कमी झालेली असते. डिसेंबरात पुण्याला व्यवस्थित चालणारी गाडी मे महिन्यात नांदेड-लातूर रस्त्यावर लोह्याच्या पुढे उकळते, यात गूढ असे काही नाही. तिच्यातला दोष आधीपासूनच होता, फक्त थंड हवेने तो झाकलेला होता.

मराठवाड्यात जुन्या स्पोर्ट्स कार मोजक्याच आहेत आणि बहुतेक हौसेने बाहेरून विकत आणलेल्या. महाराष्ट्र-गोव्यातच जन्मलेल्यांपैकी दोन गाड्यांचा उल्लेख करायला हवा. पहिली 'सॅन स्टॉर्म'. गोव्याच्या सॅन मोटर्सची ही दोन आसनी, उघड्या टपाची गाडी 1990च्या दशकाच्या अखेरीस आली. तिला फायबरची बॉडी आणि रेनॉचे 1149 सीसीचे, साठेक अश्वशक्तीचे इंजिन होते. दुसरी 2001 साली आलेली फियाट पॅलिओ 1.6. कुर्ल्याच्या कारखान्यातून निघालेली ही गाडी दिसायला साधी हॅचबॅक, पण शंभर अश्वशक्तीमुळे तिला स्पोर्ट्स कारचा मान देणारे चाहते आजही आहेत. अशा गाड्यांचे सुटे भाग स्टेशन रोडवरच्या दुकानात मिळत नाहीत. चुकीच्या निदानाने बदललेला एक भाग म्हणजे मुंबई-पुण्याहून कुरियरची वाट पाहण्यात गेलेला आठवडा. त्यामुळे भाग बदलून पाहण्यापेक्षा आधी मोजून पाहणे इथे जास्त गरजेचे ठरते.

निदानाची सुरुवात पान्याने होत नाही, प्रश्नाने होते. गाडी नेमकी कधी तापते? हा एक प्रश्न नीट विचारला की निम्म्या शक्यता गळून पडतात. लातूरला गंजगोलाईभोवतीच्या गर्दीत पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये तापते आणि मोकळ्या रस्त्यावर काटा खाली येतो, असे असेल तर दोष हवेच्या बाजूला आहे, म्हणजे पंखा, त्याचा रिले, थर्मोस्विच, नाहीतर पंख्याभोवतीचे पत्र्याचे किंवा प्लास्टिकचे कडे. वेगात असताना समोरून येणारी हवा पंख्याचे काम करते, म्हणून दोष लपतो. उलट, गावात शांत असणारी गाडी नांदेड-लातूर महामार्गावर ऐंशी-नव्वदच्या वेगाने चालवल्यावर तापत असेल, तर हवा भरपूर आहे आणि पाणी कमी पडते आहे. चोंदलेला रेडिएटर, झिजलेला वॉटर पंप, अर्धवट उघडणारा थर्मोस्टॅट, वेगात आत ओढला जाऊन चपटा होणारा खालचा होज पाइप, यांच्याकडे पाहावे लागते. थंड इंजिन सुरू केल्यापासून पाच मिनिटांतच काटा लाल पट्ट्याकडे जातो आणि पाणी बाहेर फेकले जाते, ही तिसरी तऱ्हा; तिथे थर्मोस्टॅट अडकल्याचा किंवा हेड गॅस्केट गेल्याचा संशय आधी घ्यावा. उसाच्या हंगामात ट्रॅक्टर-ट्रॉल्यांच्या मागे चढावर एसी लावून चाललेली गाडी तापली, तर त्या तक्रारीला वेगळे वजन द्यावे लागते, कारण तिथे कमी वेग, एसीच्या कंडेन्सरची गरम हवा आणि चढ हे तिन्ही एकत्र आलेले असतात.

गाडी खरोखर तापते आहे का, हेही तपासावे लागते. जुन्या गाडीचा काटा हा साक्षीदार आहे, न्यायाधीश नव्हे. बाजारात हजार-दीड हजारात मिळणारी इन्फ्रारेड थर्मामीटरची बंदूक थर्मोस्टॅटच्या घरावर धरली की खरे तापमान कळते. हेडलाइट लावताच काटा वर सरकत असेल, तर दोष पाण्यात नसून अर्थिंगमध्ये आहे. फायबर बॉडीच्या गाडीत हा मुद्दा विशेष महत्त्वाचा. पत्र्याच्या गाडीत बॉडीच परतीच्या तारेचे काम करते. फायबरमधून वीज वाहत नाही, म्हणून बॉडीवर बसवलेल्या प्रत्येक उपकरणाची अर्थिंग वेगळ्या तारेने लोखंडी सांगाड्यापर्यंत आणावी लागते. पंचवीस वर्षांत त्या तारांच्या टोकांना गंज चढतो. मग काटा खोटे बोलतो आणि त्याहून वाईट म्हणजे पंखा फिरताना दिसतो, पण त्याला पुरेसा प्रवाह मिळत नाही आणि तो मंद फिरतो. पंखा चालू असताना त्याच्या दोन टोकांवर व्होल्टेज मोजणे हे दोन मिनिटांचे काम आहे. बॅटरीवर साडेतेरा आणि पंख्यावर दहा व्होल्ट मिळत असतील, तर नवा रेडिएटर घालूनही उपयोग होणार नाही.

त्यानंतर हवेचा मार्ग. रेडिएटरच्या बारीक पात्यांमध्ये या भागात काय काय अडकते याची कल्पना समोरून पाहून येत नाही. काळ्या मातीची धूळ, सोयाबीनचा भुसा, जिनिंगच्या परिसरातला कापसाचा तंतू आणि पावसाळ्यातल्या रात्रींचे किडे, हे सगळे एकत्र येऊन वाळले की त्याची फेल्टसारखी चादर होते. एसी असलेल्या गाडीत ही चादर कंडेन्सर आणि रेडिएटर यांच्या मधल्या फटीत बसते. समोरून कंडेन्सर स्वच्छ दिसतो आणि पाहणारा समाधानाने पुढे जातो. दोन्ही वेगळे केल्याशिवाय ती दिसत नाही. धुताना पाणी इंजिनाच्या बाजूकडून बाहेर, कमी दाबाने मारावे. सर्व्हिस सेंटरचा प्रेशर पाइप जवळून मारला तर पाती आडवी होतात आणि होता तो मार्गही बंद पडतो. पंखा कधी बदललेला असेल, तर तो कोणत्या दिशेने हवा ओढतो हेही पाहावे. तारा उलट जोडल्या की पंखा हवा पुढे ढकलतो आणि समोरून येणाऱ्या हवेशी भांडत राहतो. जाळीसमोर कागद धरावा; कागद चिकटला तर दिशा बरोबर. स्पोर्ट्स कारचे बॉनेट बुटके आणि हवेचे तोंड लहान असते. म्हणून बंपरखालचा पत्रा, रेडिएटरच्या कडेच्या रबरी पट्ट्या, पंख्याचे कडे यांतला एक जरी तुकडा मागच्या कुठल्या दुरुस्तीत टाकून दिला गेला असेल, तरी हवा रेडिएटरला वळसा घालून निघून जाते.

रेडिएटरच्या कॅपकडे सहसा कुणाचे लक्ष जात नाही, कारण ती स्वस्त असते. पण तिचे महत्त्व उंचीवर कळते. लातूर बालाघाटच्या पठारावर आहे. पाचशे-सहाशे मीटर उंचीवर उघडे पाणी 98 अंशांच्या आसपासच उकळते, आणि इंजिन तर 90-95 अंशांवर चालते. मधली सुरक्षितता कॅपच्या स्प्रिंगने निर्माण केलेला दाब देतो. बहुतेक गाड्यांत तो एक बारच्या आसपास असतो आणि त्याने साध्या पाण्याचाही उकळबिंदू 120 अंशांपर्यंत जातो. स्प्रिंग मेली किंवा रबराची वायसर कडक झाली की हे कवच नाहीसे होते. पाणी बाहेर पडते, मालक पाणी भरतो, पुन्हा बाहेर पडते. हेड उघडण्याआधी योग्य दाबाची नवी कॅप लावून पाहणे हे कुठल्याही अनुभवी उस्तादाचे पहिले पाऊल असते.

थर्मोस्टॅटबद्दल मात्र या भागातल्या एका जुन्या सवयीशी भांडावे लागते. गाडी तापली की थर्मोस्टॅट काढून फेकायचा, "आपल्याकडे त्याची गरजच नाही" असे म्हणायचे, ही पद्धत अॅम्बेसेडर आणि फियाटच्या काळापासून चालत आली आहे. तिच्यामागचा तर्क समजण्यासारखा आहे. अडकलेला थर्मोस्टॅट खरोखर इंजिन मारतो आणि आडगावी नवा मिळत नाही. पण अनेक इंजिनांत थर्मोस्टॅट दोन कामे करतो. तो उघडताना रेडिएटरकडचा मार्ग मोकळा करतो आणि त्याच वेळी इंजिनातल्या इंजिनात फिरणारा आखूड मार्ग बंद करतो. तो काढला की हा आखूड मार्ग कायम उघडा राहतो. गरम पाण्याचा मोठा हिस्सा रेडिएटरकडे न जाता पुन्हा इंजिनात शिरतो आणि महामार्गावर गाडी आधीपेक्षा जास्त तापते. हिवाळ्यात उलटे होते. इंजिन तापतच नाही, इंधनाचे इंजेक्शन चालवणारा संगणक त्याला थंड समजून जादा पेट्रोल सोडत राहतो, ऑइल पातळ होते, सिलिंडरची झीज वाढते. म्हणून विकत घेतलेली जुनी गाडी तापत असेल तर थर्मोस्टॅटचे घर उघडून तो आत आहे की नाही हे आधी पाहावे. असेल तर पातेल्यातल्या पाण्यात दोरीने लटकवून, शेजारी थर्मामीटर ठेवून पाणी तापवावे. त्याच्यावर छापलेल्या अंशांना, साधारण 82 ते 89च्या दरम्यान, तो हलू लागला पाहिजे आणि आणखी दहा-बारा अंशांत पूर्ण उघडला पाहिजे.

आता मुख्य संशयिताकडे यावे लागते, आणि मराठवाड्यात तो पाणी आहे.

दख्खनच्या बेसॉल्ट खडकातून येणारे बोअरचे पाणी कॅल्शियम-मॅग्नेशियमने जड असते. पिण्याच्या पाण्यासाठीच्या भारतीय मानकात एकूण कठीणपणाची इष्ट मर्यादा लिटरला 200 मिलिग्रॅम आहे आणि दुसरा स्रोत नसेल तर 600 मिलिग्रॅमपर्यंत चालवून घेतले जाते. पिण्यासाठी चालवून घेतलेले हे पाणी रेडिएटरला चालत नाही. त्यातले बायकार्बोनेट तापले की विघटन होऊन कार्बोनेटचा पांढरा थर धातूवर बसतो. बादलीत टाकायच्या हीटरच्या कॉइलवर चढणारा खार तोच. हा थर धातूच्या तुलनेत कितीतरी पटींनी कमी उष्णता वाहून नेतो, आणि तो नेमका जिथे धातू सर्वांत गरम असतो तिथे आधी बसतो, म्हणजे एक्झॉस्ट व्हॉल्व्हच्या आसपास. पाणी 95 अंश दाखवते आणि थरामागचे हेड त्याहून कितीतरी जास्त तापलेले असते.

इथे एक गोष्ट नीट समजून घ्यायला हवी. एकदा भरलेल्या पाच-सहा लिटर बोअरच्या पाण्यात क्षार असतात ते दोन-तीन ग्रॅम. तेवढ्याने इंजिन चोंदत नाही. खरे नुकसान करते ते रोजचे वरून भरलेले पाणी. कुठेतरी बारीक गळती असते, वाफ जाते, क्षार मागे राहतात, मालक सकाळी अर्धा लिटर भरतो आणि नवे क्षार आत जातात. वर्षभरात दीड-पावणेदोनशे लिटर पाणी त्या इंजिनातून गेलेले असते. "थोडं पाणी कमी होतं, एवढंच" हे वाक्य म्हणूनच गंभीरपणे घ्यावे. गळती छोटी असते, तिचा खार मोठा होतो.

एप्रिल 2016 मध्ये मिरजेहून रेल्वेने लातूरला पाणी आणावे लागले. मांजरा धरण कोरडे पडले होते आणि शहर टँकर व खोल गेलेल्या बोअरवर जगत होते. जिथे माणसांना घोटभर गोड पाणी मिळत नव्हते, तिथे गाडीसाठी शुद्ध पाणी मागणे कुणाला सुचणार? त्या काळातल्या गाड्यांमध्ये जे मिळेल ते पाणी गेले, आणि ते समजून घेण्यासारखे आहे. मात्र जुनी गाडी या भागात तेव्हा चालत होती की नाही, हे विकत घेताना विचारायला हरकत नाही. आज पर्याय सोपा आहे. बॅटरीत घालायचे पाणी बहुतेक पेट्रोल पंपांवर आणि टायरच्या दुकानांत मिळते. ते क्षारमुक्त असते आणि कूलंट पातळ करायला तेच वापरावे. आरओ मशिनमधून गाळून आलेले पाणी अडचणीला चालेल. त्याच मशिनच्या दुसऱ्या नळीतून जे वाया जाते ते मात्र कधीही वापरू नये, कारण गाळून काढलेले सगळे क्षार त्यातच असतात.

"आपल्याकडे कुठे बर्फ पडतो, कूलंट कशाला?" हा प्रश्न गॅरेजमध्ये हमखास येतो. कूलंटमधले ग्लायकॉल गोठणे टाळते हे खरे, पण ते उकळबिंदूही वाढवते, आणि त्यातली गंजरोधक द्रव्ये तर थंडीशी संबंधितच नाहीत. या इंजिनांत लोखंडी ब्लॉक, अॅल्युमिनियमचे हेड आणि कधी तांब्या-पितळेचा रेडिएटर असे वेगवेगळे धातू एकाच पाण्यात असतात. क्षारयुक्त पाण्यात अशा धातूंमध्ये विद्युतरासायनिक झीज सुरू होते आणि ती अॅल्युमिनियमला खाते. गॅस्केटजवळच्या पाण्याच्या भोकांच्या कडा खड्डे पडून कुरतडल्या जातात. मराठवाड्यात ग्लायकॉलचे प्रमाण एक तृतीयांश ते निम्मे एवढे पुरते. त्याहून जास्त घातल्यास उलट तोटा होतो, कारण उष्णता वाहण्यात पाणीच सरस आहे.

रेडिएटर आतून चोंदला आहे का, हे काढण्याआधीच कळू शकते. इंजिन पूर्ण तापवून, पंखा बंद असताना, तापमानाची बंदूक रेडिएटरवर ओळीने फिरवावी. पाणी शिरण्याच्या बाजूकडून निघण्याच्या बाजूकडे तापमान सावकाश उतरत गेले पाहिजे. मध्येच एखादा पट्टा वीस-पंचवीस अंशांनी थंड असेल, तर त्या नळ्यांतून पाणी वाहतच नाही. तांब्या-पितळेचा रेडिएटर असेल तर टाकी उघडून नळ्यांत रॉड मारून घेता येतो. अॅल्युमिनियमच्या आणि प्लास्टिक टाकीच्या रेडिएटरला ती सोय नाही, तो बदलावाच लागतो. मूळ मिळत नसल्यास त्याच मापाचा कोअर बनवून घेणे हा मार्ग आहे. बनवताना जाडी वाढवण्यापेक्षा समोरचे क्षेत्रफळ वाढवणे जास्त उपयोगी पडते. खार काढण्यासाठी फरशी धुण्याचे अॅसिड ओतण्याची पद्धत अॅल्युमिनियमच्या हेडसाठी घातक आहे. ब्लॉकच्या बाजूचे गोल प्लग काढून पाहावेत. सर्वांत मागच्या सिलिंडरच्या तळाशी गंजाचा आणि खाराचा चिखल साचलेला बऱ्याचदा सापडतो, आणि तो हाताने खरवडून काढणे हाच उपाय.

एवढे सगळे निर्दोष ठरले, तरच हेड गॅस्केटकडे वळावे. प्रत्यक्षात मात्र उलटे घडते. गाडी तापली म्हणताच हेड खोलले जाते, कारण काम मोठे दिसते. हेड न उघडता गॅस्केटची परीक्षा घेण्याचे चार मार्ग आहेत. रेडिएटरच्या तोंडावर निळ्या द्रावणाची नळी धरली आणि द्रावण पिवळे झाले, तर जळालेला वायू पाण्यात येतो आहे. थंड गाडीला हाताच्या पंपाने दाब देऊन रात्रभर ठेवले आणि सकाळी एखाद्या सिलिंडरमध्ये पाणी सापडले, तर पाणी आत जाते आहे. चारपैकी एकच प्लग धुतल्यासारखा स्वच्छ असेल, तर त्या सिलिंडरमध्ये वाफ होते आहे. शेजारच्या दोन सिलिंडरांचे कॉम्प्रेशन एकदमच कमी असेल, तर त्यांच्या मधली गॅस्केट गेली आहे. एका चाचणीवर निर्णय देऊ नये. दोन जुळल्या की हेड उतरवावे. अॅल्युमिनियम लोखंडाच्या जवळजवळ दुप्पट प्रसरण पावते, म्हणून तापलेले हेड वाकते. सरळ पट्टी आणि फीलर गेजने वाक मोजावा. तो मिलिमीटरच्या शतांशांत मोजायचा असतो, डोळ्यांनी दिसत नाही. फेसिंग करताना गरजेपुरताच धातू काढावा, कारण दुर्मीळ गाडीचे दुसरे हेड मिळणार नाही. बोल्ट टॉर्क पान्याने, सांगितलेल्या क्रमाने आणि टप्प्याटप्प्याने आवळावेत.

काही वेळा थंड करणारी यंत्रणा पूर्ण निर्दोष असते आणि उष्णताच जास्त तयार होत असते. उशिरा पडणारी ठिणगी, हवेच्या गळतीमुळे पातळ झालेले मिश्रण, चोंदलेला सायलेन्सर, चाकाला घासणारा ब्रेक, यांतले काहीही इंजिनाला जादा राबवते. प्रवासानंतर चारही चाकांच्या मध्यावर तापमानाची बंदूक धरली तर अडकलेला ब्रेक लगेच उघडा पडतो.

दुरुस्तीनंतर पाणी भरणे हेही निदानाचाच भाग आहे. बुटक्या बॉनेटच्या गाडीत रेडिएटरचे तोंड इंजिनाच्या माथ्यापेक्षा खाली असू शकते, आणि मग हवा हेडमध्ये अडकून राहते. गाडीचे नाक चढावर ठेवून, हीटर पूर्ण गरमवर करून, हवा सोडण्याचा स्क्रू उघडा ठेवून हळूहळू भरावे. हीटरमधून गरम हवा येऊ लागली की पाणी सगळीकडे पोचले. पुरावा मात्र दुपारचाच धरावा. नांदेडहून लोहा, अहमदपूर, चाकूर करत लातूर, एसी चालू ठेवून, आणि शेवटी गंजगोलाईच्या गर्दीत वीस मिनिटे. सकाळच्या गारव्यात घेतलेली चाचणी काहीच सिद्ध करत नाही.

वाटेत काटा चढू लागला तर एसी बंद करून हीटर पूर्ण चालू करावा, बाजूला थांबावे, आणि इंजिन बंद केल्यावर किमान अर्धा-पाऊण तास कॅपला हात लावू नये. दाबाखालचे पाणी कॅप उघडताच वाफ होऊन हातांवर आणि चेहऱ्यावर येते. असे भाजलेले हात प्रत्येक उन्हाळ्यात पाहायला मिळतात. तापलेल्या इंजिनावर थंड पाणी ओतू नये, हेडला तडा जातो.

कूलंटचा प्रकार, भरल्याची तारीख आणि वरून किती पाणी घातले याची नोंद एका वहीत ठेवावी, साधे कूलंट दोन-तीन वर्षांनी बदलावे, आणि गाडी विकताना ती वही नव्या मालकाच्या हाती द्यावी.